घरफोडीनंतरचे घर

घरफोडीच्या बातमीचा साचा आता ठरून गेला आहे. बंद घराचे कुलूप तोडून अज्ञात चोरट्यांनी आत प्रवेश केला, कपाट फोडून सोन्याचे दागिने व रोकड मिळून अमुक लाखांचा ऐवज लंपास केला, श्वानपथक व ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले, अज्ञाताविरुद्ध गुन्हा नोंद झाला, उपनिरीक्षक पुढील तपास करीत आहेत. बातमी संपादित करणाऱ्याला गावाचे नाव, वार आणि रकमेचा आकडा एवढेच बदलावे लागते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. त्यानंतर त्या घराविषयी वाचकाला काहीही कळत नाही. चोर सापडला तर आणखी एक बातमी होते आणि तिच्यात चोराचे नाव, वय व मूळ गाव असते. ज्यांचे घर फुटले ते कुटुंब तिच्यात बहुधा नसते.

२०२५ साली दोनापावला आणि म्हापसा येथे घरातील माणसांना बांधून घालून दरोडे पडले, तेव्हा राज्यात खळबळ उडाली. कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न ऐरणीवर आला, विरोधकांनी सरकारला धारेवर धरले, रात्रीच्या गस्तीची आणि सीमेवरील नाक्यांची चर्चा झाली. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु दरोडा ही विरळ घटना आहे. सामान्य गोमंतकीय कुटुंबाच्या वाट्याला येते ती बंद घराची घरफोडी. तिच्यात कोणी जखमी होत नाही, कोणाला ओलीस धरले जात नाही. म्हणून तिचा गाजावाजा होत नाही आणि पोलीस स्थानकाच्या नोंदवहीतही ती एका क्रमांकापुरती उरते.

कायदा मात्र तिला इतकी किरकोळ मानत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीसाठी कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत चोरीच्या इराद्याने घर फोडले असेल, तर कलम ३३१ खाली ही शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेतही हे प्रमाण जवळजवळ असेच होते. घर आणि रात्र या दोन गोष्टींना कायदा फार पूर्वीपासून वेगळे महत्त्व देत आला आहे, कारण माणूस जिथे निर्धास्त झोपतो ती जागा असुरक्षित झाली, तर नुकसान केवळ ऐवजाचे नसते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

गोव्याच्या बाबतीत या गुन्ह्याला काही खास कारणे आहेत. पहिले कारण बंद घरांचे. २०११ च्या जनगणनेत राज्यातील सव्वा लाखाच्या आसपास घरे रिकामी आढळली होती, म्हणजे साधारणपणे पाच घरांमागे एक. त्यात परदेशी गेलेल्यांची वडिलोपार्जित घरे आहेत, गुंतवणूक म्हणून घेतलेल्या सदनिका आहेत आणि वर्षातून चार दिवस उघडणारे दुसरे घरही आहे. गेल्या पंधरा वर्षांत बांधकामाचा जो वेग आपण पाहिला, त्यावरून ही संख्या घटली असेल असे कोणी म्हणणार नाही. बंद दारांच्या रांगेत एखादे दार दोन दिवसांपुरतेच बंद आहे की दोन वर्षे, हे शेजाऱ्याला कळत नाही. पाळत ठेवणाऱ्याला ते कळते.

दुसरे कारण आपल्या सणांशी बांधलेले आहे. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को येथे सदनिकेत राहणारे हिंदू कुटुंब चतुर्थीला मूळ घरी जाते. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण या तालुक्यांतील वाडे त्या दिवसांत भरून जातात आणि शहरांतील इमारतींचे मजलेच्या मजले ओस पडतात. हा बेत काही गुपित नसतो. इस्त्रीवाला, दूधवाला, इमारतीचा रखवालदार, पार्सल आणून देणारा मुलगा अशा साऱ्यांना तो ठाऊक असतो. शिवाय भ्रमणध्वनीवरील स्टेटसमध्ये माटोळीचे छायाचित्र आले की उरलेल्यांनाही कळते. जत्रा, शिगमो आणि मे महिन्यातील लग्ने यांनाही हेच लागू पडते.

तिसरे कारण सोन्याचे. २०१५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोन्याला पंचवीस-सव्वीस हजार रुपये पडत होते. २०२५ मध्ये भावाने लाखाचा टप्पा ओलांडला आणि तो पुढेच जात राहिला. चोराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. दूरचित्रवाणी संच किंवा संगणक उचलून नेण्याची गरज नाही, खिशात मावेल एवढा ऐवज पुरेसा आहे. आणि मध्यमवर्गीय घरात तो कुठे असतो, हेही आता कोणाला सांगावे लागत नाही. तांदळाचा डबा, पलंगाखालचा कप्पा, साड्यांच्या घड्या आणि देव्हाऱ्याखालचा खण या जागा आपल्या आज्यांनी शोधल्या, तेव्हाच त्या चोरांनाही ठाऊक झाल्या असाव्यात.

इथवरचा भाग चर्चेत अधूनमधून येतो. त्यापुढचा सहसा येत नाही. उत्तर गोव्यातील एका कुटुंबाने नाव व गाव न छापण्याच्या अटीवर आपली हकिकत सविस्तर सांगितली. ती येथे देण्याचे कारण एवढेच की तिच्यात असाधारण असे काही नाही. पती खाजगी कंपनीत, पत्नी प्राथमिक शिक्षिका, मुलगी महाविद्यालयात आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची सदनिका. २०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती. हे कुटुंब गुरुवारी संध्याकाळी दाराला कुलूप लावून मूळ घरी गेले आणि दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन करून सोमवारी सकाळी परतले. कोयंडा कापलेला होता आणि दार बाहेरून दिसू नये अशा बेताने नीट लोटून ठेवलेले होते. समोरच्या सदनिकेतील कुटुंबही गावी गेले असल्यामुळे ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

आत सगळ्या खोल्यांतून कपडे आणि कागद पसरलेले. मूळ घराच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, मुलीची गुणपत्रिका, सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, विजेची बिले असे सगळे पायाखाली. देव्हाऱ्यातील चांदीची निरांजने आणि तबक गेले होते. मूर्ती पितळेच्या होत्या, त्या जमिनीवर आडव्या पडल्या होत्या. ११२ क्रमांकावर फोन करून पोलीस येईपर्यंत तासभर गेला. तेवढ्यात सासूबाईंनी देव उचलून, धुऊन, पुसून जागेवर ठेवले होते. देव्हाऱ्यावरचे ठसे गेले म्हणून ठसेतज्ज्ञ नाराज झाले आणि त्यांची नाराजी तांत्रिकदृष्ट्या योग्यच होती. पण पंचाहत्तर वर्षांच्या बाईने देव जमिनीवर पडलेले पाहून आधी काय करावे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. ११२ वर फोन घेणाऱ्याने ‘कशालाही हात लावू नका, आतल्या खोलीत जाऊ नका, बाहेर थांबा’ ही तीन वाक्ये सांगितली असती, तर बरेच काही वाचले असते.

पंचनामा सुरू झाला आणि पहिला प्रश्न आला : काय काय गेले आणि प्रत्येकाचे वजन किती? घरात याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. सासूबाईंच्या पाटल्या त्यांच्या लग्नातल्या, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या. पत्नीच्या बांगड्यांपैकी दोन माहेरच्या, दोन नंतर मोडून नव्याने घडवलेल्या. मोठे मंगळसूत्र, मुलीची साखळी, कानांतले दोन जोड. पावत्या होत्या त्या निम्म्यांच्याच. आठवेल तेवढे सांगून त्या दिवशीची यादी झाली. चार दिवसांनी एक हार आणि एक अंगठी आठवली, तेव्हा पुरवणी जबाब द्यावा लागला. आणि पुरवणी जबाब देणाऱ्याकडे आकडा फुगवणारा म्हणून पाहिले जाते, याचा अनुभव या कुटुंबालाही आला. एकूण सोने एकशे वीस ग्रॅमच्या आसपास होते. त्या वेळच्या भावाने त्याची किंमत साडेआठ लाखांच्या घरात जाते. परंतु नोंद झाली ती हाती असलेल्या जुन्या पावत्यांच्या आधारे साडेपाच लाखांची. वर्षभरानंतर तेवढेच सोने पुन्हा घ्यायचे म्हटले असते, तर घडणावळ सोडूनही तेरा लाखांच्या पुढे रक्कम गेली असती. वर्तमानपत्रात मात्र साडेपाच लाखच आले. बातम्यांतील असे आकडे प्रत्यक्ष नुकसानीशी किती जुळतात, याविषयी तेव्हापासून शंका वाटू लागली आहे.

वजन सांगताना आणखी एक भीती आड येते, ती प्राप्तिकराची. एवढे सोने आले कुठून, असे कोणी विचारील या धास्तीने अनेक घरांत ऐवज कमी सांगितला जातो. वस्तुतः केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९४ च्या सूचनेनुसार छाप्याच्या वेळीसुद्धा विवाहित स्त्रीचे पाचशे ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे अडीचशे ग्रॅम आणि पुरुषाचे शंभर ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करायचे नसतात. लग्नात मिळालेल्या आणि सासूकडून सुनेकडे आलेल्या दागिन्यांना चोरीच्या तक्रारीत घाबरण्याचे कारण नाही. कमी सांगितल्याचा तोटा मात्र निश्चित होतो, कारण तक्रारीत नसलेल्या दागिन्यावर पुढे हक्क सांगणे अवघड जाते.

चोरीने कुटुंबात जे घडते ते पंचनाम्यात येत नाही. येथे तीन आठवडे दोषाचे वाटप चालले. लॉकर घेऊ या असे पतीने दोन वर्षांपूर्वी सुचवले होते. भाडे कशाला भरायचे म्हणून पत्नीने ते टाळले होते. प्रवासात गळ्यातले कोणी ओढील म्हणून पाटल्या आणि मोठे मंगळसूत्र घरी ठेवण्याचा सल्ला सासूबाईंचा. माटोळीचे छायाचित्र मुलीच्या स्टेटसवर होते. प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी आले. स्त्रीच्या बाबतीत याला आणखी एक पदर असतो. नोकरी करणारी असो वा नसो, आपल्या समाजात बहुसंख्य स्त्रियांच्या नावावर घर नसते, जमीन नसते. जे खरोखर तिचे म्हणता येईल ते अंगावरचे सोने. ते गेल्यावर ‘जाऊ दे, माणसे सुखरूप आहेत’ असे नातेवाईक म्हणतात. ते खरेच असते, आणि तरीही ज्या बाईचे गेले तिला त्याने दिलासा मिळत नाही.

मग संशय. या घरी सहा वर्षे काम करणारी बाई मूळची उत्तर कर्नाटकातली. घरात कोणाचे येणे-जाणे आहे, या प्रश्नाला उत्तर देताना तिचे नाव आपोआप पुढे आले. पोलिसांनी तिला दोनदा बोलावून घेतले, दोन्ही वेळा दुपारपर्यंत बसवून ठेवले. काहीच निष्पन्न झाले नाही. पुढे जे आरोपी सापडले त्यांचा तिच्याशी दुरान्वयानेही संबंध नव्हता. पण ती कामावर परतली नाही. शिक्षिका असलेली गृहिणी तिच्या खोलीवर जाऊन आली, तेव्हा बाईने चहा केला, मुलांची चौकशी केली आणि दुसरी कामे धरल्याचे सांगितले. या प्रसंगाविषयी बोलताना त्या शिक्षिकेला जेवढे जड गेले, तेवढे मंगळसूत्राविषयी बोलताना गेले नव्हते.

येथे राज्यातील एका आवडत्या चर्चेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. घरफोडी झाली की ‘परप्रांतीय’ हा शब्द चोवीस तासांच्या आत उच्चारला जातो. आंतरराज्य टोळ्या गोव्यात येऊन घरे फोडतात, हे नाकारण्याचे कारण नाही. राज्य इतके लहान आहे की म्हापशाहून निघालेले वाहन तासाभराच्या आत पत्रादेवीची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात पोहोचते; दोडामार्ग, केरी, मोले, पोळे या वाटाही आहेतच, शिवाय कोकण रेल्वे. परंतु टोळी बाहेरून येते म्हणजे येथे राहून धुणी-भांडी, गवंडीकाम, सुतारकाम करणारा प्रत्येक माणूस तिचा हस्तक ठरत नाही. भाडेकरू पडताळणी सक्तीची करणे योग्यच आहे. पण पडताळणीचा कागद पोलीस स्थानकातील गठ्ठ्यात पडून राहणार असेल, तर त्याने ना घर सुरक्षित होते ना त्या भाडेकरूचे नाव संशयातून सुटते. गुन्हा घडल्यानंतर तोच गठ्ठा काढून ओळीने माणसे बोलावणे हा तपासाचा सोपा मार्ग आहे. तो फलदायी आहे असे दिसत नाही.

नव्या फौजदारी प्रक्रियेने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, तक्रारदाराला काही गोष्टी दिल्या आहेत. त्यांतील बहुतेक लोकांना ठाऊक नाहीत, आणि त्या सांगितल्याही जात नाहीत. कलम १७३ नुसार तक्रार कोणत्याही पोलीस स्थानकात देता येते, हद्दीचा प्रश्न आड येत नाही. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते. प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे. राहत्या घरातील चोरीची शिक्षा सात वर्षांपर्यंत असल्यामुळे ती या पळवाटेत बसत नाही. ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असे उत्तर मिळाले, तर ते स्वीकारण्याचे कारण नाही. पोलीस स्थानकाने नकार दिल्यास अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते.

त्याहून महत्त्वाचे कलम १९३. तपासात काय प्रगती झाली, हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवणे आता बंधनकारक आहे. संदेश पाठवूनही कळवता येते. आपण ज्या कुटुंबाविषयी बोलत आहोत त्यांना असा कोणताही संदेश आला नाही. पती दर पंधरा दिवसांनी पोलीस स्थानकात जाऊन येत राहिले. तपास अधिकारी कधी बंदोबस्तावर, कधी न्यायालयात, कधी रजेवर असत. मधल्या काळात त्यांची बदली झाली, तेव्हा नव्या अधिकाऱ्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. पोलिसांची बाजू अशी की एकाच अधिकाऱ्याकडे अनेक गुन्ह्यांचे तपास असतात आणि पर्यटन हंगामातील बंदोबस्त संपता संपत नाही. ती अडचण खरी आहे, आणि नव्या संहितेने चित्रीकरणाची, वेळेच्या मर्यादांची जी कामे वाढवली त्यांच्या मानाने माणसे वाढलेली नाहीत. पण दोन ओळींचा संदेश पाठवण्यासाठी जास्तीचे मनुष्यबळ लागत नाही. तपास लागला नाही, तरी तो चालू आहे एवढे कळण्यालाही त्या घरात किंमत असते.

याच संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असे म्हटले आहे आणि ही व्यवस्था उभी करण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे घरफोडीचे घटनास्थळसुद्धा न्यायवैद्यक तज्ज्ञाने पाहायचे, असे कायद्याचे म्हणणे आहे. वेर्णा येथे राज्याची स्वतःची न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. अंतरे छोटी आहेत. मोठ्या राज्यांना जे अवघड जाईल ते गोव्याला तुलनेने सोपे आहे.

या घराच्या चोरीचा तपास लागला तो पाच महिन्यांनी आणि तोही अपघाताने. शेजारच्या राज्यात दुसऱ्याच गुन्ह्यात पकडलेल्या दोघांनी गोव्यातील सात घरफोड्यांची कबुली दिली. एका सोनाराकडून सुमारे एकशे ऐंशी ग्रॅमची लगड आणि काही सुटे दागिने जप्त झाले. बातमी छापून आली, ओळखीच्यांचे अभिनंदनाचे फोन आले. खरी अडचण येथून पुढे सुरू झाली. चोरलेले सोने फार दिवस दागिन्याच्या रूपात राहत नाही. ते वितळवले जाते किंवा तारण ठेवले जाते. वितळलेल्या सोन्यावर कोणाचे नाव नसते. एका लगडीत सात घरांच्या पाटल्या, बांगड्या आणि मंगळसूत्रे होती. त्यातून कोणाला किती, हे ठरवायचे तर ज्याच्या तक्रारीत वजन नीट नोंदले आहे आणि ज्याच्याकडे पावत्या आहेत, त्याची बाजू वरचढ. पन्नास वर्षांपूर्वीच्या पाटल्यांची पावती कोण दाखवणार?

सुट्या दागिन्यांत कानांतल्याचा एक जोड होता. तो आपल्या मुलीचाच, हे सिद्ध करण्यासाठी या कुटुंबाने घरातील सगळे छायाचित्रसंग्रह काढले. मुंजी, बारशी, लग्ने, वाढदिवस. पूर्वी ती छायाचित्रे पाहताना माणसे पाहिली जात. आता भिंगाखाली कान आणि मनगटे पाहिली. एका नात्यातल्या लग्नात मुलीने केस वर बांधले होते, त्यामुळे जोड स्पष्ट दिसत होता. तेच छायाचित्र न्यायालयात उपयोगी पडले.

जप्त मुद्देमाल वर्षानुवर्षे पोलीस स्थानकात पडून राहू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालातच सांगितले होते : तपशीलवार पंचनामा करा, छायाचित्रे घ्या, बंधपत्र लिहून घ्या आणि दागिने मालकाला द्या, पुराव्यासाठी मूळ वस्तू खटला संपेपर्यंत अडकवून ठेवण्याची गरज नाही. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने त्याला मुदत घालून दिली आहे. मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचे विवरण, छायाचित्रण व्हायचे आणि त्यानंतर तीस दिवसांत तिच्याविषयी आदेश. कागदावर हे दीड महिन्याचे काम आहे. या कुटुंबाला कानांतले मिळाले ते अर्ज, वकील आणि चार तारखांनंतर, आणि तेही विकायचे नाही, मोडायचे नाही, बोलावले तर हजर करायचे, अशा बंधपत्रावर. लगडीतील वाट्याचा अर्ज अजून प्रलंबित आहे. दुसऱ्या दोन तक्रारदारांनी त्याला हरकत घेतली आहे. त्यांचेही काही चुकत नाही. त्यांच्या घरचेही सोने त्याच लगडीत आहे.

विमा हा मार्ग किती घरांना खुला आहे? घरविम्यात चोरीचे संरक्षण मिळू शकते, पण दागिन्यांसाठी ते स्वतंत्रपणे घ्यावे लागते, त्यांची यादी व मूल्यांकन आधी द्यावे लागते आणि दाव्याच्या वेळी प्रथम माहिती अहवालाबरोबर तपास न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल मागितला जातो. तो अहवाल मिळवणे हे वेगळे प्रकरण आहे. बँकेच्या लॉकरविषयीही गैरसमज आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सुधारित सूचनांनुसार चोरी, आग किंवा बँक कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. वार्षिक भाडे तीन हजार असेल, तर तीन लाख. आत काय आहे हे बँकेला ठाऊक नसते आणि आतील वस्तूंचा विमाही ती उतरवत नाही. तरीही तांदळाच्या डब्यापेक्षा लॉकर बरा, याविषयी दुमत असू नये. दागिन्यांची छायाचित्रे वजनकाट्यावर ठेवून काढावीत, पावत्यांची प्रत घराबाहेर कोणाकडे तरी असावी, एवढे काम एका दुपारचे आहे. सोने मोडून नवे घडवले की जुनी पावती निरुपयोगी होते, हे लक्षात घेऊन नवी जपावी.

घराचे घरपण परत यायला किती काळ लागतो, याचे उत्तर कोणत्याही कलमात नाही. या सदनिकेला आता लोखंडी जाळीचे दुसरे दार आहे, जिन्यात कॅमेरा आहे. सासूबाई रात्री दिवाणखान्यातील दिवा मालवू देत नाहीत. कुटुंबातील चौघे एकाच वेळी घराबाहेर पडत नाहीत. नात्यातल्या लग्नाला दोघे जातात, दोघे थांबतात. २०२५ च्या चतुर्थीला पती सदनिकेतच राहिले. मूळ घरच्या गणपतीच्या पूजेला ते नाहीत असे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडले. पूजा धाकट्या भावाने केली, आणि व्हिडिओ कॉलवर आरती पाहताना शेजारच्या बंद सदनिकेत काही खुडबुड झाली की काय, म्हणून त्यांनी आवाज बंद केला.

आंध्र प्रदेशच्या पोलिसांनी बंद घरांवर नजर ठेवण्याची एक योजना काही वर्षांपूर्वी सुरू केली. गावी जाणाऱ्याने ॲपवर नोंद करायची. पोलीस येऊन घरात हालचाल टिपणारा कॅमेरा विनामूल्य बसवतात आणि आत कोणी शिरले तर नियंत्रण कक्षाला सूचना जाते. प्रत्येक घरी कॅमेरा बसवणे गोव्याला लगेच जमणार नाही, आणि घराची माहिती पोलिसांना देण्याचा विश्वासही एका रात्रीत निर्माण होणार नाही. परंतु चतुर्थीपूर्वी पंधरा दिवस प्रत्येक पोलीस स्थानकात बंद राहणाऱ्या घरांची नोंदवही ठेवता येईल. गृहनिर्माण संस्थांकडून आणि पंचायतींकडून ती भरून घेता येईल, आणि रात्रीच्या गस्तीचा मार्ग तिच्यावरून ठरवता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम १९३ ची नव्वद दिवसांची माहिती गेल्या वर्षभरात किती तक्रारदारांना पाठवली गेली आणि कलम ४९७ च्या मुदतीत किती घरांचा ऐवज परत गेला, हे दोन आकडे विधानसभेत कोणाही आमदाराला विचारता येतील. आजवर प्रश्न विचारले जातात ते किती चोऱ्या झाल्या आणि किती उघडकीस आल्या, एवढेच.